डावीकडचे तेरा आकडे

डिंडोलीच्या गल्लीत शालिग्राम बोरसेला सगळे ‘फोटोवाला’ म्हणत. माणूस दवाखान्यात कामाला आहे, मोठ्या मशीनजवळ असतो, म्हणजे हाडांचे फोटोच काढत असणार, असं गल्लीनं ठरवून टाकलं होतं. पहिलं वर्षभर शालिग्रामनं समजावून पाहिलं. आपण फोटो काढत नाही, मोजतो. काय मोजतो? तर कण. कसले कण? डोळ्यांना न दिसणारे. इथवर आलं की ऐकणारा तंबाखूची पुडी काढायचा, ‘बरं बरं’ म्हणायचा आणि गावाकडच्या पावसापाण्याचं विचारायचा. मग शालिग्रामनंही नाद सोडला. कुणी फोटोवाला म्हटलं की तो ‘ओ’ द्यायचा.

अमळनेरकडचा हा माणूस सुरतेत आला तो कापडासाठी. कडोदऱ्याच्या एका कारखान्यात त्यानं अकरा वर्षं घडी खात्यात काढली. मागावरून उतरलेलं कोरं कापड टेबलावर घ्यायचं, पन्हा मधोमध दुमडायचा, मीटर-मीटरची घडी घालत जायची, मोजायचं, तपासायचं आणि ताका बांधून ठेवायचा. हात इतका बसला होता की डोळे मिटून घडी घातली तरी बोटभर इकडची तिकडे होत नसे. मग चौऱ्याण्णव साली प्लेग आला. आठवड्याभरात सुरत निम्मी रिकामी झाली. उधन्याच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती, जो तो गावाकडे पळत होता. शालिग्राम मात्र राहिला. धाडसानं राहिला असं नाही, बायकोला, धुरपदाबाईला, तेव्हा ताप होता आणि त्या गर्दीत तिला नेणं त्याच्या जिवावर आलं. पळालेल्यांत एका ट्रस्टच्या कॅन्सर दवाखान्याचे निम्मे कामगारही होते. तिथं माणसं हवी होती, हा उभा होता, लागला. धुरपदाबाईचा ताप चार दिवसांत उतरला. साधा मलेरिया निघाला.

सुरुवातीला तो स्ट्रेचर ढकलत असे. पण किरणांच्या विभागात देसाईसाहेब होते. त्यांचं काम रोग्यांना तपासणं नव्हे, मशीन तपासणं. त्यांनी या माणसाला चादरींच्या घड्या घालताना पाहिलं आणि त्याला उचललंच. “इसका हाथ नहीं हिलता,” एवढीच त्यांची शिफारस. साहेब दक्षिण गुजरातेतले अनाविल ब्राह्मण, बोलायला फटकळ, पण शिकवायला बसले की चहा गार होईपर्यंत शिकवायचे. शालिग्राम मॅट्रिक नापास होता. तरी इलेक्ट्रॉन म्हणजे काय, ते नळीतून पळवत नेऊन त्यांना वेग कसा देतात, टोकाशी असलेल्या पातळ पत्र्यावर आपटून ते कसे पांगतात आणि त्यांचा झोत रोग्याच्या अंगावर कसा पडतो, हे सगळं साहेबांनी त्याच्याकडून वदवून घेतलं.

“झोत पडतो हे महत्त्वाचं नाही,” साहेब म्हणायचे. “सगळीकडे सारखा पडतो का, हे महत्त्वाचं. मध्ये जास्त आणि कडेला कमी असं झालं तर कडेचा रोग राहून जातो.”

हे शालिग्रामला पटकन कळलं. कापडाची वीण पन्हाभर सारखी हवी, मध्ये दाट आणि काठाला विरळ असं कापड कोण घेणार?

दर शनिवारी हे मोजमाप असे. मशीनच्या तोंडाखाली पाण्यानं भरलेली एक पारदर्शक टाकी ठेवायची, कारण माणसाचं शरीर बरंचसं पाण्यासारखंच, जे पाण्यात होतं तेच मांसात होतं. पाण्यात, दोन सेंटिमीटर खोल, शेंगदाण्याएवढं एक मापक. टाकीच्या कडेला चाक. चाक फिरवलं की मापक पट्टीवरून सरकायचं. मधला एक बिंदू, उजवीकडे एकेक सेंटिमीटरवर तेरा, डावीकडे तेरा, असे एकूण सत्तावीस. प्रत्येक बिंदूला आत जाऊन चाक फिरवायचं, बाहेर यायचं, ते हत्तीएवढं जड दार लावायचं, झोत सोडायचा, आकडा लिहायचा, झोत बंद करायचा, पुन्हा दार उघडून आत. सत्तावीस वेळा आत, सत्तावीस वेळा बाहेर. शेवटी आलेख काढायचा. तो मध्ये सपाट आणि दोन्ही कडांना सारखा उतरलेला आला की साहेब सही करत.

या सगळ्याला दीड तास लागे. आणि तो दीड तास बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांच्या वाट्यातून जाई. शनिवारी बाक भरलेलाच असायचा. व्यारा, नवापूर, नंदुरबारकडून आलेली माणसं. कुणाच्या गळ्याला निळ्या शाईच्या खुणा, कुणी पदरानं तोंड झाकलेलं. त्यांची दुपारची भुसावळकडची गाडी चुकली की रात्र स्टेशनवर. बायाबापड्या शालिग्रामला बोली ऐकून ओळखायच्या आणि म्हणायच्या, “भाऊ, आमनी गाडी जाई ना रे.” हा आपला आतबाहेर करतोय, घाम पुसतोय आणि त्यांच्याकडे बघायचं टाळतोय.

शहाण्णवच्या दिवाळीनंतर देसाईसाहेब काही महिन्यांसाठी अहमदाबादला गेले. तिथं नवीन मशीन बसत होतं. ते महिन्यातून एकदा यायचे, शनिवारच्या कागदांवर सह्या करून जायचे. मोजमाप शालिग्रामवर सोपवलेलं. त्याला कोण अभिमान वाटला! गल्लीत सांगण्यासारखं नव्हतं, कारण गल्लीच्या लेखी तो फोटोवालाच. पण त्यानं सुपडूला सांगितलं. सुपडू हा घडी खात्यातला त्याचा जुना जोडीदार, त्यानंच याला हे काम शिकवलं होतं. आणि सुपडूनं शिकवलेलं एक कसब शालिग्रामच्या हाडांत मुरलं होतं. ताका दुमडलेला असतो. पूर्ण पन्हा कोण उलगडत बसणार? वरचा अर्धा भाग बघायचा, मोजायचा, आणि खालच्या अर्ध्याचं तेच लिहायचं.

“आरे, धोटा एकच शे ना?” सुपडू मागावर सूत वाहून नेणाऱ्या धोट्याकडे बोट करून म्हणायचा. “या काठवरतून निंघस तोच त्या काठवर जास. मंग डावं-उजवं येगयं कसं येई?”

अकरा वर्षांत कुणाची एकदाही तक्रार आली नव्हती.

तेव्हा डिसेंबरातल्या एका शनिवारी, बाकावर अकरा माणसं असताना आणि त्यातली एक म्हातारी भोवळ येऊन आडवी झालेली असताना, शालिग्रामनं मधला बिंदू आणि उजवीकडचे तेरा मोजले. डावीकडचे तेरा बघून उतरवले. झोत एकच, नळी एकच, भोक एकच. डावं-उजवं वेगळं येईल कसं? आलेख सुरेख आला. घडीवर घडी बसावी तसा. अकराही जणांना गाडी मिळाली. जाताना त्या म्हातारीनं त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

पुढच्या शनिवारी त्यानं तेच केलं. त्याच्या पुढच्याही. आळशीपणानं केलं असं म्हणणाऱ्याच्या मी तोंडावर सांगेन की तू शालिग्रामला पाहिलेलं नाहीस. पण केलं ते केलं.

जानेवारीत मशीन बिघडलं. मुंबईहून इंजिनियर आला, दोन दिवस मशीन उघडून बसला, तिसऱ्या दिवशी निघून गेला. टोकाशी असलेला तो पातळ पत्रा बसवताना एका बाजूनं जरासा वाकला. किती? तर नखाच्या जाडीइतका. यंत्राच्या आत झोतावर पहारा ठेवणारा एक भाग असतो, झोत कलला तर तो मशीन बंद पाडतो. पण या गृहस्थानं जाताना त्या पहारेकऱ्यालाही हाच कललेला झोत बरोबर म्हणून दाखवून दिला. झोताचं उजवं अंग किंचित वर गेलं, नियमात बसेल इतकंच. डावं अंग शंभराला अकरानं खाली उतरलं. त्या शनिवारी शालिग्रामनं उजवीकडचे तेरा मोजले, जरा वाढलेले दिसले, नियमात होते. तेच डावीकडे उतरवले. दोन्ही कडांना सारखे उचललेले आकडे. साहेब फेब्रुवारीत आले, बघून म्हणाले, “सरस.”

आणि फेब्रुवारीतच धुरपदाबाईची किरणं सुरू झाली.

तिच्या उजव्या छातीत गाठ निघाली होती, ती दिवाळीआधीच. आधी तिनं कुणाला सांगितलंच नाही. नवरा ज्या दवाखान्यात कामाला आहे तिथंच आपण रोगी म्हणून जायचं, याची तिला लाज वाटली. बाई तशी हुशार आणि हट्टी. घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवण्याचं काम करायची. गल्लीत तिच्या कामाला नाव होतं, कारण साडी आली की आधी ती पूर्ण उलगडायची, पदरापासून निऱ्यांपर्यंत. एकदा घडीच्या आत आधीचाच डाग निघाला होता आणि मारवाडी व्यापाऱ्यानं तो तिच्या माथी मारला होता. तेव्हापासून उलगडून पाहिल्याशिवाय ती टिकलीला हात लावत नसे. शेजारणी हसायच्या. “धुरपदा आधी साडीनी जत्रा भरस,” म्हणायच्या.

स्तन काढला. डॉक्टरबाई म्हणाल्या, छातीच्या कातडीत आणि व्रणाच्या आसपास रोगाचे कण उरलेले असू शकतात, त्यासाठी इलेक्ट्रॉनच्या पंचवीस बैठका घ्यायच्या. शालिग्रामला वाटलं, देवानंच आपल्याला या कामावर आणून ठेवलं होतं. आपल्या बायकोवर पडणारा झोत आपण स्वतः मोजलेला. तो रोज तिला टेबलावर झोपवायला मदत करी, निळ्या रेघा झोताच्या चौकटीशी जुळवी, बाहेर येऊन काचेतून बघत राही. झोताची उजवी बाजू तिच्या छातीच्या मधल्या हाडाकडे पडे आणि डावी काखेकडे. गाठ काखेच्या बाजूलाच होती.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिनं त्याला मोरीजवळ हाक मारली. गायत्री, त्यांची मुलगी, शाळेत गेली होती. धुरपदाबाईनं पदर बाजूला केला.

“आयका ना, हाई दखा. इकडे भाजाय गयं आनि इकडे कोरंच शे. काबरं?”

छातीच्या हाडाकडची कातडी काळपट तांबडी झाली होती. काखेकडे जाईतो तो रंग फिका होत गेला होता. उजळ, जवळजवळ जशी होती तशी. मधून कुणी दुमडून ठेवावं तसा फरक दिसत होता.

शालिग्राम बघत राहिला. त्याच्या मनात एक विचार आला. तो पुरता आला, अर्धवट नाही. हे आपण पुढं त्याला कधीही नाकारू देणार नाही आणि त्यानं स्वतःही कधी नाकारलं नाही. किरणं जिथं पुरेशी पडतात तिथं कातडी काळी होते, हे त्याला साहेबांनीच शिकवलं होतं.

“बरं शे ना,” तो म्हणाला. “जितलं कमी भाजाई तितलं बरं.”

तिनं पदर घेतला. नवरा त्या कामातला माणूस, त्याला कळतं. ती समाधानानं चुलीकडे गेली.

तो शनिवार त्याला पुढं जन्मभर आठवायचा होता. ठरवूनच गेला होता की आज डावीकडचे तेरा मोजायचे. टाकी भरली. मापक मधोमध आणलं. मधला आकडा घेतला. आत गेला, चाकावर हात ठेवला. डावीकडे फिरवायचं म्हणजे एवढंच, मनगट उलटं वळवायचं. पण डावीकडे वेगळा आकडा आला तर? तर आठ शनिवारांचे आठ कागद, साहेबांच्या सह्यांचे, खोटे ठरणार. अभिमान जाणार, नोकरी जाणार, देसाईसाहेबांचंही तोंड काळं होणार. आणि आकडा सारखाच आला तर उगाच चाळीस मिनिटं गेली, बाहेर माणसं बसलेली. तो तिथं उभा होता. पाण्यात त्याच्या हाताची सावली हलत नव्हती. कातडी काय, कुणाची कशीही भाजते, तो स्वतःशी म्हणाला, काखेला घाम जास्त, म्हणून असेल. मग त्यानं चाक उजवीकडे फिरवलं.

धुरपदाबाईच्या त्यानंतर दहा बैठका झाल्या. त्या सगळ्या त्याच झोतातून.

एप्रिलमध्ये देसाईसाहेब कायमचे परत आले. आल्याआल्या वर्षाची मोठी तपासणी काढली आणि स्वतः चाकाला हात घातला. साहेबांना पन्हा, ताका, धोटा काही ठाऊक नव्हतं, ते सत्तावीसच्या सत्तावीस बिंदू मोजत गेले. डावीकडच्या चौथ्या बिंदूपाशी थांबले. पुन्हा मोजला. पुन्हा. मग शेवटपर्यंत गेले आणि बाहेर येऊन जुने कागद मागवले.

“शालिग्रामभाई, आ जुओ,” ते कागद पुढं सरकवत म्हणाले. आवाज खाली होता, तो नेहमी वर असायचा. “डावीकडचे आणि उजवीकडचे आकडे दशांशापर्यंत एक. सगळ्या शनिवारी. बायीं तरफ किसने नापी?”

“कुणीच नाही, साहेब.”

साहेबांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी रोग्यांची वही काढली आणि जानेवारीपासून त्या झोतातून गेलेली नावं एका कागदावर उतरवायला लागले. एकोणीस नावं झाली. सतरावं लिहिताना त्यांचं पेन थांबलं. धुरपदाबाई शालिग्राम बोरसे. त्यांनी वर पाहिलं, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी डोळे दाबून बसले. मग म्हणाले, “सही मेरी है. मैंने भी देखा नहीं.” पत्रा त्याच दिवशी काढून सरळ केला.

डॉक्टरबाईंनी एकोणीस जणांना तपासायला बोलावलं, तपासणी आहे एवढंच कळवलं. आता वरून डोस देता येणार नाही, त्या म्हणाल्या. मधे दिवस गेले आहेत, पुन्हा दिलं तर मधला भाग जळेल. अकरा टक्के म्हणजे फार नाही. कदाचित पुरेलही. लक्ष ठेवू. ‘कदाचित’ हा शब्द शालिग्राम घरी घेऊन आला आणि तो सहा महिने त्याच्या पोटात राहिला. त्याला कामावरून काढलं नाही. साहेबांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. काढलं असतं तर निदान कुणी काही केलं असं झालं असतं.

घरी त्यानं सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. धुरपदाबाईचे केमोच्या सुयांनी गेलेले केस परत येत होते, ती टिकल्यांचं काम पुन्हा घेऊ लागली होती, साड्या उलगडत होती. ती आरशात बघून हसायची, कापूस भरलेल्या चोळीची थट्टा करायची. अशा बाईला काय सांगायचं? रोज सकाळी तो तिच्या पाठीमागे उभा राहून, काहीतरी शोधायच्या निमित्तानं, तिच्या काखेकडे बघायचा. काही दिसत नसे. मग दिवस जरा सोपा जाई. दर शनिवारी तो सत्तावीस बिंदू मोजत होता, डावीकडचे तेरा दोनदा. बाकावरच्या बाया म्हणत, “भाऊ, गाडी जाई ना,” आणि तो वर न बघता म्हणे, “जाऊ द्या.” त्याच्याविषयी आता बाकावर चांगलं बोलत नसत.

दिवाळीच्या फराळाला भाजणी भाजताना धुरपदाबाईला काखेखाली टोचलं. तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी कातडीखाली लागलं. मग शेजारी दुसरं. दहा दिवसांत सात झाले. सगळे व्रणाच्या काखेकडच्या टोकाला, जिथं कातडी कोरी राहिली होती. हाडाकडच्या काळपट भागात एकही नव्हता.

शालिग्रामनं डॉक्टरबाईंना विचारलं. एकदा नाही, तीनदा, दरवाजात उभा राहून. त्या अकरा टक्क्यांमुळेच का? बाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. “पूरा देने के बाद भी दस में से एक-दो को वापस आता है, भाई. मैं नहीं बता सकती. कोई नहीं बता सकता.” हे त्यांनी धीर द्यायला सांगितलं. त्याला वाटलं, याच्यापेक्षा होय म्हणाल्या असत्या तर माणूस एका जागी बसून रडला तरी असता. बाकीच्या अठरांपैकी दोघांचं कळलं नाही, सोळा जण बरे होते. तेही त्यानं विचारून घेतलं होतं. सोळा बरे, म्हणजे झोतानं काही केलं नाही असंही म्हणता येत होतं. तो कधी असं म्हणे, कधी तसं. कुठल्याच बाजूला टेकता येत नव्हतं.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत रोग फुफ्फुसात उतरला. डॉक्टरबाईंनी घरी न्यायला सांगितलं. धुरपदाबाई खाटेवर भिंतीला टेकून बसलेली असायची, आडवं झालं की दम लागे. गायत्री शेजारणीबरोबर औषधं आणायला गेली होती, दुपारची वेळ होती, गल्लीत माग धडधडत होते. शालिग्राम तिच्या पायाशी बसला आणि त्यानं सांगायला सुरुवात केली.

त्याला वाटलं होतं, तिला समजावणं अवघड जाईल. कण, झोत, टाकी, सत्तावीस बिंदू. पण त्यानं घडी खात्यापासून सुरुवात केली आणि तिला सगळं समजत गेलं. सुपडूचं कसब तिला माहीत होतं. ताका कसा दुमडतात ते माहीत होतं. तो सांगत गेला, बाक, म्हातारी, गाडी, पत्रा, साहेब, कागदावरची एकोणीस नावं. मधे ती खोकली, त्यानं पाणी दिलं, मग पुढं सांगितलं.

खाटेच्या कडेला एक अर्धी राहिलेली साडी होती, धुरपदाबाई तिच्याकडे बघत होती.

“घडी उलगडी नही तुम्ही?” तिनं विचारलं.

“नही.”

“एकदाबी नही?”

“नही.”

तिनं मान हलवली. रागानं नाही. कुणा नवख्या बाईनं साडी खराब केली तर ती हलवायची तशी. शालिग्रामला वाटलं, झालं, सांगून झालं, आता ही काय म्हणेल ते म्हणो. त्याच्या छातीवरचं थोडं उतरल्यासारखंही झालं. कारण त्यानं सगळं सांगितलं होतं, फक्त मोरीजवळची ती सकाळ सोडून, आणि ती तिला कशाला आठवते, वर्ष होऊन गेलं.

ती श्वास घेत थांबली. मग हळूच हात उचलून तिनं स्वतःच्या छातीवरून बोट नेलं, काळ्या बाजूकडून कोऱ्या बाजूकडे, जिथं आता गाठी होत्या.

“पन मी तुम्हले दखाडं व्हतं ना,” ती म्हणाली.

ती त्याच्याकडे बघत राहिली, उत्तराची वाट बघत, खरंच कळून घ्यायचं असल्यासारखी. तेवढ्यात गायत्री औषधं घेऊन आली, तेव्हा धुरपदाबाईनं पदर ओढून घेतला आणि तिला म्हणाली, तुझ्या बापाला चहा दे.

त्यानंतर ती नऊ दिवस होती. तिनं तो प्रश्न पुन्हा काढला नाही.